भिंतीवरची मोकळी जागा

मी, खाली सही करणारी, धंदा जाळी विणणे व दुरुस्त करणे, वय शहात्तर, राहणार चॅपलखालच्या उतारावरचं शेवटचं घर, आज हे लिहून ठेवते. माझे गुडघे गेलेत, डावा कान अर्धा गेलाय, पण डोकं जागेवर आहे. ते जागेवर नसल्याची शंका ज्यांनी ज्यांनी घेतली त्यांचा समाचार पुढे योग्य त्या कलमात घेतला आहे. मला कुणी धमकावलेलं नाही की गोडीगुलाबीनं वळवलेलं नाही. तेवढी कुणाची छाती नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे मोडीत काढायलाही काही नाही.

नमुना वकीलबाईंनी दिला. वकीलबाई म्हणजे आमच्या इंजिन मेकॅनिकची मुलगी, हिला मी फ्रॉकमध्ये नाक पुसताना पाहिलेलं आहे. तिच्या नमुन्यात माझ्यापुढे "विधवा" असा शब्द होता. मी तो खोडून "पत्नी" लिहायला लावला. ती म्हणाली, "मावशी, माणूस इतकी वर्षं बेपत्ता असला की कायदा असं धरतो की..." मी म्हटलं, "कायद्याला काय धरायचं ते धरू दे. तू पत्नी लिही." तिनं लिहिलं. शिकलेली असली तरी पोर ऐकणारी आहे.

कलम १. घर.

पुढची खोली, स्वयंपाकघर, वरचा माळा आणि मागची जाळ्यांची खोली, असं हे घर माझ्या पश्चात माझ्या भाचीला मिळावं. भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बर्फाच्या कारखान्यात पाळीवर असते. संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की भांडायला सुरुवात करते, आणि भांडता भांडता केर काढते, माझ्या गुडघ्यांना मलम चोळते, मी जेवले का ते भांड्यांत डोकावून बघते. तिचं मुख्य भांडण माझ्या दाराशी आहे. मी रात्री आतून कडी लावत नाही. "मावशी, एखादा चोर येईल ना!" म्हणते. येऊ दे. त्याला निदान दार ठोठावावं लागणार नाही. मी कडी कुणासाठी लावत नाही ते तिला ठाऊक आहे, म्हणून ती तेवढ्यावर थांबते आणि भांड्यांवर राग काढते.

घर विकायचं असेल तर तिनं विकावं. तिला तिचं आयुष्य आहे. फक्त विकण्याआधी एकदा पुढच्या खोलीच्या खिडकीत जरा वेळ बसावं. तिथून बंदराचं तोंड दिसतं.

मागची खोली मात्र पाथरवट जिवंत असेतो त्याची. पाथरवट म्हणजे चॅपलच्या भिंतीवर नावं कोरणारा आमच्या गावचा कारागीर. आम्ही शाळेत एका वर्गात होतो. तेव्हा मला नावानं हाक मारायचा, माझी पाटी लपवायचा. माझं लग्न झाल्यावर एका दिवसात "वहिनी" आणि "तुम्ही" म्हणायला लागला, मी अजून त्याला अरे-तुरेच करते. त्यानं लग्न केलं नाही. कबरस्तानाच्या कुंपणाला टेकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतो, आणि आयुष्यभर दगडाची धूळ गिळून आता त्याला दमा झालाय. ओल आली की त्याचा खोकला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. खोलीबरोबर खिडकीजवळची हातांची खुर्चीही त्याची. तो नाही म्हणेल. त्याचं ऐकू नये.

कलम २. पैसे.

बँकेत जे असेल त्यातून आधी मला पुरावं, मग चॅपलच्या चुन्यासाठी काही ठेवावं, उरलेलं भाचीनं घ्यावं. कुणाचं देणं नाही. कुणाकडून येणं असेल तर ते त्याला सुखाचं जावो.

कलम ३. हत्यारं.

जाळ्याच्या सुया, कातरी, वाकडा सुरा आणि मापाच्या पट्ट्या जाळीघरातल्या बायकांनी वाटून घ्याव्यात. भांडू नये. हाडाची जुनी सुई माझ्या सासूबाईंची आहे, ती जिला अंधारात गाठ मारता येते तिला द्यावी. तयार नायलॉनची जाळी विकायला येणाऱ्या माणसाला यातलं काहीही दाखवू नये, तो लगेच "किती जुनं आहे?" म्हणून फोटो काढायला लागतो.

चुन्याची बादली आणि लांब दांड्याचा कुंचा भाचीनं घ्यावा, आणि कुंच्याबरोबर काम पण घ्यावं. बाहेरून येणारे लोक आमच्या चॅपलला हसतात, कारण त्याची गावाकडची बाजू काळवंडलेली आणि समुद्राकडची पाठ मात्र पांढरीशुभ्र. त्यांना वाटतं, यांना तोंड कुठलं आणि पाठ कुठली तेच कळत नाही! पण ती पाठ घरी येणाऱ्या बोटींसाठी आहे. लांबून गाव दिसत नाही, डोंगर सगळे सारखे दिसतात, तो पांढरा ठिपका तेवढा दिसतो. दर वर्षी बोटी वर ओढल्या की बायका शिडी लावून ती भिंत चुन्यानं रंगवतात. आता सगळ्यांकडे यंत्रं आलीत, पडद्यावर वाट दिसते, तरी मी कुंचा सोडला नाही. ज्याच्या बोटीत असला पडदा नव्हता असाही एक माणूस यायचा बाकी आहे, असं मी म्हणायचे. बायका मान खाली घालून चुना ढवळायच्या.

कलम ४. माझ्या नवऱ्याच्या वस्तू.

खुंटीवरचा मेणकापडाचा कोट, दाढीची पेटी, निळी चादर आणि एका पायाचा मोजा. दुसरा त्याच्या पायात असणार. हे कुणाला द्यायचं ते मला सुचलेलं नाही. भाचीला सुचेल.

कोटाबद्दल एक सांगते. बोट गेली त्यानंतर काही वर्षांनी एका मासळीच्या व्यापाऱ्यानं सांगितलं की लांबच्या एका बंदरात दोरखंडाच्या दुकानात एक माणूस बघितला, अगदी तुमच्या यांच्यासारखा, तसाच दातांतून शीळ घालणारा. मी चांगले कपडे केले, केस नीट बांधले, हा कोट पिशवीत घातला, कारण तिकडे पाऊस असेल तर त्याला लागेल, आणि दोन बस बदलून गेले. दुकानात एक माणूस पाठमोरा दोर मोजत होता. मान तीच, खांदे तेच. मी पिशवीतून कोट काढायला लागले. तो वळला. दुसराच कुणीतरी.

भला माणूस होता. त्यानं मला खोक्यावर बसवलं, चहा मागवला, म्हणाला, "बाई, रडू नका." मी त्याच्यावर ओरडले, "मी रडत नाहीये! तुम्ही तो का नाही?" बिचारा कपबशी हातात धरून म्हणाला, "चुकलं माझं." अजून मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं. परतीच्या बसमध्ये मी कोट मांडीवर घेऊन बसले होते.

त्या प्रवासावरून मासळीच्या लिलाववाल्यानं धक्क्यावर सगळ्यांसमोर माझी चेष्टा केली, मला "खुळी" म्हटलं. तो आता हयात नाही. त्याला मी माफ केलेलं नाही. हे कलम त्याच्या मुलांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

कलम ५. चॅपलच्या भिंतीबद्दल.

ही माझी मालमत्ता नाही, मला कळतं. पण माझ्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, म्हणून तिचा निकाल लावल्याशिवाय हे मृत्युपत्र पुरं होत नाही.

चॅपल किती जुनं यावर सरकारी फलकाचं एक मत आहे आणि आमच्या लोकांचं दुसरं. आम्ही असं ऐकत आलो की पहिल्या मच्छिमारांनी सुखरूप परतल्यावर दर खेपेला एकेक दगड आणून ते बांधलं. म्हणून त्याचा एक दगड दुसऱ्यासारखा नाही. त्याच पांढऱ्या भिंतीच्या आतल्या अंगाला, जे परत आले नाहीत त्यांची नावं आहेत.

नाव घालायची रीत अशी. बोट आली नाही म्हणून कुणी लगेच छिन्नी उचलत नाही. त्या माणसाच्या घरच्या बाईनं शब्द द्यावा लागतो. बोटी वर ओढल्या, चुना झाला, की पाथरवट दारात येतो. उंबऱ्याबाहेर उभा राहतो, छिन्नी कापडात गुंडाळलेली. विचारतो, "नाव घालू?" बाईनं "घाल" म्हणायचं, नाहीतर "थांब". थांब म्हटलं तर का म्हणून विचारायचं नाही, पुढच्या वर्षी यायचं. आणि नावं लिहायची ती बोटीत जो जिथं बसायचा त्या क्रमानं.

आमच्या बोटीत चौघं होते. पुढे नांगरवाला, मग इंजिनवाला, मग जाळ्यावर माझा नवरा, आणि मागे सुकाणूवर थोरले दीर. भिंतीवर पहिली दोन नावं आहेत, मग मोकळी जागा, मग थोरल्या दिरांचं नाव. ती मोकळी जागा माझी आहे. दर वर्षी पाथरवट येतो, विचारतो, मी थांब म्हणते. मग तो छिन्नी पिशवीत टाकून आत येतो, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून चहा घेतो, आणि आम्ही कुणाची बोट कशी चालली यावर बोलतो. जाताना म्हणतो, "बरंय वहिनी." वर्षातली ती एक संध्याकाळ मी धरून असायचे, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

आता घंटेचं. पूर्वी बोट बंदराच्या तोंडाशी दिसली की चॅपलची घंटा वाजायची. प्रत्येक बोटीची वाजवण्याची तऱ्हा वेगळी. आमची दोन लांब, एक तोकडा. आपली घंटा ऐकली की त्या घरच्या बायकांनी हातातलं टाकून धक्क्यावर दोर धरायला धावायचं. आता मोबाईलवर निरोप येतो, घंटा प्रार्थनेपुरती उरली. पण बुडालेल्या बोटीची सगळी नावं भिंतीवर पुरी झाली की तिची घंटा तिच्या तऱ्हेनं एकदा वाजवतात. म्हणजे बोट आली असं धरायचं. एक नाव जरी बाकी असलं तरी घंटा नाही.

इथेच माझं आणि जाऊबाईंचं फाटलं. थोरल्या दिरांच्या बायको त्या, माझ्याहून मोठ्या, घर माझ्या घरासमोर. त्यांनी पहिल्याच वर्षी "घाल" म्हटलं, कोरडे डोळे ठेवून. मला तेव्हा त्या दगड वाटल्या. पुढे एके दिवशी नळावर मला म्हणाल्या, "तुझ्या एका थांबपायी माझा माणूस बाहेर पाण्यात अडकलाय." मी म्हटलं, "तुमचा गेला असेल, माझा यायचाय." त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. एकमेकींच्या दारात दिवे दिसतात, खोकला ऐकू येतो, पण बोलायचं ते भाचीच्या तोंडून. "तुझ्या मावशीला सांग, पाणी आलंय." "जाऊबाईंना सांग, मला दिसतंय." भाची म्हणते, "मी काय टपालपेटी आहे का?"

जाऊबाईंना मी या मृत्युपत्रात काहीही ठेवलेलं नाही.

मला लोक हट्टी म्हणतात. तो पाण्यातून चालत येणार नाही हे मला कळतं, मी काही कुकुलं बाळ नाही. पण जोवर जागा मोकळी आहे तोवर त्याला उशीर झालाय, एवढंच. आणि उशीर त्याला कायमच व्हायचा. स्वतःच्या लग्नाला उशिरा आला होता, कारण जाळ्यातली एक गाठ सुटत नव्हती! मी नटूनथटून उभी, आणि हा ओल्या बाह्यांनी धावत चॅपलची चढण चढतोय. मला त्याची फार आठवण येते. दुपारी जास्त येते, का ते माहीत नाही. तो माझ्या आठवणीत तिशीतलाच आहे, आणि मी ही अशी. दारात उभा राहिला तर मलाच विचारेल, "आजी, इथं माझी बायको राहायची ती कुठं गेली?"

कलम ६. शब्द.

माझ्या मरणानंतर पाथरवटानं, तो नसेल तर जो कुणी ते काम करत असेल त्यानं, माझ्या नवऱ्याचं नाव त्या मोकळ्या जागेत कोरावं. "घाल" हा माझा शब्द इथं लेखी देत आहे. तो मी मेल्यावरच उघडावा. जिवंतपणी माझ्या तोंडून तो निघायचा नाही.

(कलम ६ रद्द. कागद खराब करू नका, वाचता येईल असंच राहू द्या. कारण पुरवणीत.)

कलम ७. मला पुरताना खर्च करू नये. फादरनी भाषण लांबवू नये.

पुरवणी.

वरचं सगळं मी माझ्या हातानं लिहिलं आणि वकीलबाई ते तपासायला आली. पायरीवर बसून वाचत होती, कधी हसत होती, आणि कलम सहाशी येऊन थांबली.

"मावशी, हे चालणार नाही."

"का? माझा शब्द आहे."

"शब्द तुमचा आहे, पण भिंत आता सरकारची होतेय. चॅपल संरक्षित वास्तू म्हणून जाहीर होतंय. पुढच्या महिन्यापासून तिथं खिळासुद्धा ठोकता येणार नाही. आणि तुम्ही काही महिन्याभरात जात नाही."

"म्हणजे ती जागा तशीच राहील?"

"कायमची," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. तिला वाटलं मी रडणार.

खरं सांगते, मला आनंद झाला. एवढी वर्षं मी एकटीनं थोपवून धरलेलं आता सरकार थोपवणार होतं. मी काठी घेतली आणि चढण चढून चॅपलमध्ये गेले, माझ्या नवऱ्याला सांगायला. आत कुणी पाहुणे आले होते, नवरा-बायको, सभ्य माणसं, चपला बाहेर काढून आलेली. नवरा भिंतीवरची नावं वाचत होता. मोकळ्या जागेशी आला आणि बायकोला म्हणाला, "इथं का सोडलंय गं?"

ती म्हणाली, "दगड खराब असेल तिथला."

"असेल," तो म्हणाला, आणि दोघं पुढे गेली.

मी बाकावर बसले ती किती वेळ बसले कुणास ठाऊक. त्यांची काही चूक नाही. मी आहे तोवर ती जागा म्हणजे तो आहे, कारण मी येऊन तिच्याकडे बघते. मी गेले की भाची काही दिवस सांगेल, मग तीही दमेल, आणि मग तिथं खराब दगड. माझा नवरा, जो दातांतून शीळ घालायचा, ज्याच्या हाताला कायम ओल्या दोराचा वास यायचा, तो खराब दगड होणार. मी त्याला जपते आहे असं समजत होते, आणि पुसत होते त्याला मीच. पण शब्द तरीही तोंडाशी येईना.

ठरल्या दिवशी वकीलबाई टाइप केलेले कागद घेऊन आली. साक्षीदार म्हणून मी पाथरवटाला बोलावलं होतं. तो धुतलेला सदरा घालून आला, केसांना पाणी लावून, आणि खुर्चीच्या कडेवर बसला. वकीलबाईनं त्याला बघून कपाळावर हात मारला.

"मावशी, यांना चालणार नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्ष केली तर त्याला ठेवलेलं बाद होतं. खोली जाईल यांची."

"मग दुसरा आणू," मी म्हटलं.

पाथरवट म्हणाला, "खोली जाऊ द्या. मला सही करू द्या."

"अरे, त्या पत्र्याखाली दम्यानं मरशील!"

"मरेन. पण वहिनी, मी इतकी वर्षं उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारलं. उत्तराला मी हजर नको?"

"उत्तर माझ्या पश्चात आहे."

"पश्चात तर भिंत मिळत नाही म्हणे." वकीलबाईनं त्याला सांगितलं असणार. त्यानं उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता, धरून ठेवला तरी थरथरत होता. "आणि हा बघा. पुढच्या वर्षी याला छिन्नी पेलायची नाही. हे नाव दुसऱ्या कुणी घातलेलं मला चालणार नाही. त्याच्या शेजारी बसून मी डबा खाल्लाय."

तो उठला, खोकत खोकत बाहेर गेला, आणि उंबऱ्यापलीकडे वळून उभा राहिला. चुन्याचा मोसम नव्हता, बोटी पाण्यातच होत्या, हातात छिन्नीही नव्हती. तरी त्यानं विचारलं.

"नाव घालू?"

"थांब," मी म्हटलं.

सवयीनं निघालं ते. त्यानं मान हलवली, नेहमीसारखी, आणि पायरी उतरायला लागला. त्याची ती पाठ बघून मला भडभडून आलं. अख्खं आयुष्य हा माणूस माझ्या एका शब्दावर पायऱ्या उतरत आलाय.

"अरे थांब म्हणजे चपला घालते मी! घाल नाव. घाल. पण मी समोर उभी राहून बघणार."

वकीलबाई कागद छातीशी धरून रडायला लागली. मी तिला म्हटलं, "तू का रडतेस? चल, काठी दे."

भाचीनं तेवढ्यात रस्ता ओलांडून जाऊबाईंना सांगितलं. टपालपेटीचं शेवटचं टपाल. आम्ही चढण चढून गेलो आणि पाथरवटानं काम सुरू केलं. हातोडीचा घाव बसला की त्याचा हात थरथरायचा राहायचा, घाव संपला की पुन्हा सुरू. एक अक्षर तिरकं आलं. तो थांबला, चष्मा पुसला, म्हणाला, "बिघडलं वहिनी." मी म्हटलं, "तो तरी कुठं सरळ उभा राहायचा? राहू दे." जाऊबाई दाराशी येऊन उभ्या होत्या, आत येत नव्हत्या. शेवटचं अक्षर झालं, पाथरवटानं फुंकर मारून धूळ उडवली, आणि मग त्या आल्या. त्यांनी मोठ्यानं चारही नावं वाचली, पुढून मागे, बोटीत बसायचे तशी. मी पहिल्यांदाच ती चारही एका दमात ऐकली.

फादर तरुण आहेत, त्यांना आमच्या बोटीची तऱ्हा माहीत नव्हती. जाऊबाई म्हणाल्या, "दोन लांब, एक तोकडा. आणि घाई करू नका."

घंटा वाजली.

मी काही ठरवलं नव्हतं. पण पहिला लांब टोला ऐकला आणि माझे पाय दाराबाहेर पडले. काठी आत बाकाला टेकलेली राहिली. मी उतारावरून धक्क्याकडे निघाले, ज्या गुडघ्यांना मलम लागतं त्या गुडघ्यांनी, आणि दुसरा टोला झाला तेव्हा बघते तर जाऊबाई माझ्या पुढे होत्या, कंबरेवर हात, तोंडानं हा हू करत, पण पुढे. मागून भाची ओरडत होती, "अगं पडाल दोघी!" आम्ही धक्क्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिलो. भरती होती. समोर बंदराचं तोंड, त्यात काही नाही, नुसतं पाणी चमकत होतं. आणि माझे दोन्ही हात दोर झेलायला पुढे झालेले होते. जाऊबाईंचेही.

मग जाऊबाई माझ्याशी बोलल्या. स्वतःच्या तोंडानं.

"पायरीवर शेवाळ आहे," म्हणाल्या. "सांभाळ."

या पुरवणीनं कलम ६ रद्द होत आहे, कारण ते पुरं झालं. कलम १ मधली पाथरवटाची खोली साक्षीमुळे बाद होते असं वकीलबाई सांगते. तशी ती कागदावरून बाद समजावी. भाचीनं त्याचं अंथरूण आणि कोळशाची शेगडी दुपारीच मागच्या खोलीत आणून टाकली आहे, त्याला कायदा काय करणार? बाकी सगळी कलमं तशीच कायम. लिलाववाल्याचंही.

हे सर्व मी वाचून, समजून, माझ्या मर्जीनं सही केलं.

सही : जाळीवाली मावशी

साक्षीदार पहिला : पाथरवट. तिनं माझ्यासमोर सही केली. तिचा शब्दही मी माझ्या कानांनी ऐकला. यातून मला काही मिळत नाही, हे वकीलबाईंनी मला दोनदा समजावलं आहे.

साक्षीदार दुसरी : समोरच्या घरातल्या थोरल्या जाऊबाई. यांना काहीच ठेवलेलं नसल्यामुळे यांची साक्ष चालते.

दिनांक : बारा फेब्रुवारी, बुधवार, भरतीच्या वेळी.

ठिकाण : "राहतं घर" असं टाइप केलेलं होतं, ते खोडून "धक्का" केलं आहे. सही करणारी बाई आणि दुसरी साक्षीदार वर यायला तयार नव्हत्या, म्हणून कागद खाली आणावे लागले.